कमानीच्या अलीकडे

आमच्या रनिंग क्लबात माझी ओळख वेगावरून होत नाही. रविवारी सगळे धावून परत येतात, चहा पितात, निघायच्या बेतात असतात, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "अजून एक कटिंग सांगा रे, तो यायचाय." तो म्हणजे मी. माझी उभी हयात सातपूरच्या एका कारखान्यात, स्टोअरच्या खिडकीआड बसून लोकांना नटबोल्ट देण्यात गेली. लोक खिडकीशी चालत यायचे, मी बसून असायचो. पन्नाशी उलटल्यावर रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि बायकोने परस्पर माझं नाव धावणाऱ्यांत घातलं. चालणाऱ्यांचा क्लब आमच्या भागात नव्हता म्हणे.

पहिल्या दिवशी मी खिशात किल्ल्या, सुटी नाणी, मोबाइल आणि चष्म्याची डबी घेऊन धावलो. गोदापार्कात पुढे फिरणारी माणसं मागे न बघताच बाजूला होत होती. त्यांना वाटत असावं, बैलगाडी येतेय.

आमच्या क्लबात एक प्रथा आहे. शेवटच्याला आणायला जायचं. ज्याचं धावून झालं त्याने घोटभर पाणी प्यायचं आणि उलट फिरायचं, सगळ्यात मागे जो राहिलाय त्याला गाठायचं आणि त्याच्याबरोबर पुन्हा शेवटपर्यंत यायचं. एकट्याने कुणी पोचायचं नाही. प्रथा जुनी, पण मी आल्यापासून तिचा लाभार्थी मी एकटाच. सुरुवातीला लाज वाटायची. मग सवय झाली. पुढे पुढे तर कुणी दिसलं नाही की मी खुशाल एखाद्या कट्ट्यावर बसून न्यायला येणाऱ्यांची वाट बघायचो.

मला आणायला सर्वांत जास्त वेळा आले ते सर. गणिताचे निवृत्त मास्तर, सत्तरीच्या पुढचे, वेळूसारखे सडसडीत. टी-शर्टसुद्धा अर्ध्या चड्डीत व्यवस्थित खोचलेला. मी धापा टाकत असलो की ते शेजारी येऊन धावायला लागायचे आणि तोंडी गणित घालायचे. श्वासाकडे लक्ष जाऊ नये म्हणून.

"एक टाकी एका नळाने चार तासांत भरते. तळाला गळती आहे."

"सर, प्लंबर बोलवा."

"गाढवा, उत्तर दे."

उत्तर मी कधीच दिलं नाही. पण त्या नादात पोचायचो.

मग सरांचा उजवा हात थरथरायला लागला. त्यांचं अक्षर, जे फळ्यावर शेवटच्या बाकापर्यंत दिसायचं, ते मुंगीएवढं झालं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. औषधं सुरू झाली, हात थोडा शांत झाला, आणि दुखणं पायांत उतरलं. हे फार विचित्र असतं. मोकळ्या रस्त्यावर सर तुमच्या-आमच्यासारखे चालत, थोडे धावतही. पण समोर दार आलं, अरुंद जागा आली, जमिनीची पातळी बदलली, की पाय जागच्या जागी थिजायचे. पुढे जायचंय हे डोक्याला कळतंय, धड पुढे झुकतंय, आणि तळवे मात्र फरशीला चिकटलेले. सर म्हणायचे, "क्लचच लागत नाही."

त्यांच्या पत्नी आधीच गेलेल्या. कॉलेज रोडच्या जुन्या इमारतीत सर एकटे राहायचे. एकुलती मुलगी पुण्यात. दिवाळीला ती आली तेव्हा तिने बापाला स्वयंपाकघराच्या दारात भांड्यासकट उभं राहिलेलं पाहिलं, आणि त्याच दिवशी जाहीर केलं, "बाबा, सामान बांधा." सर म्हणाले, नाही बांधत. दोघंही तितकीच हट्टी; गणित आणि हट्ट दोन्ही तिला वारशात मिळालेलं. शेवटी सरांनी पैज घातली. आमच्या भागात थंडीत पाच किलोमीटरची शर्यत होते. ती त्यांनी कुणाचा हात न धरता, आपल्या पायांनी पूर्ण केली तर मुलीने वर्षभर पुण्याचं नाव काढायचं नाही. नाही केली, तर सामान बांधायचं.

मुलगी कबूल झाली. पण तिने नाव स्वतः नोंदवलं, आणि मोबाइल नंबर स्वतःचा दिला. शर्यतीत छातीवर जो नंबर लावतात, त्याला आम्ही बिब म्हणतो, त्याच्यामागे एक चिप असते. शेवटच्या कमानीखाली एक काळी रबरी पट्टी अंथरलेली असते. तिच्यावरून चिप गेली की ती टुंय करून वाजते आणि नोंदवलेल्या नंबरावर 'शर्यत पूर्ण' असा मेसेज जातो. बापाचा निकाल तिला थेट मशीनकडून हवा होता. आमच्या क्लबच्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता. बाई हुशार.

आमची कप्तान दातांची डॉक्टर आहे. जेमतेम तिशीची, पण सरांपासून सगळे तिला ताई म्हणतात. हातात कायम शिट्टी, आणि बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघायची सवय. तिने बैठक घेतली. सरांबरोबर कुणीतरी राहायला हवं होतं. त्यांना घाई करू न देणारं.

"आपल्यात सगळ्यात सावकाश कोण?" तिने विचारलं.

उत्तर द्यायचं कारणच नव्हतं. सगळ्यांनी मान वळवली. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कामासाठी माझी एकमताने निवड झाली.

पाय थिजले की काय करायचं ते फिजिओथेरपीच्या बाईंनी मला शिकवलं होतं. सरांच्या पावलापुढे आपलं पाऊल आडवं ठेवायचं. ओलांडायला काही दिसलं की त्यांचा पाय उचलला जातो. सर मात्र आधी ठरलेल्या नियमांत बसतं का ते बघत बसले.

"हात धरायचा नाही असं ठरलंय. पायाबद्दल काही ठरलेलं नाही. चालेल."

शर्यतीच्या दिवशी गंगापूर रोडकडच्या मैदानावर उजाडायच्या आधीच आम्ही जमलो. थंडी अशी की बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती. आमच्यातला निफाडचा बागाईतदार द्राक्षांची आख्खी पेटी घेऊन आला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात घोस कोंबत होता. त्याने सरांना वाकून नमस्कार केला.

"सर, टेन्शन घेऊ नका. लय झालं तर मी खांद्यावर घेतो तुम्हाला."

"अरे, तेच तर करायचं नाहीये."

"मंग मी नुसता मागून येतो. पडले तर झेलतो."

"पुढे पळ तू. तुझं वजन माझ्या अंगावर पडलं तर दोघंही संपू."

तेवढ्यात स्टेजवर गाणं सुरू झालं आणि एक मुलगी सगळ्यांकडून हातपाय हलवून घ्यायला लागली. ती समोरून उजवा हात करायची, मी डावा करायचो. सगळं मैदान एकीकडे वळलं तेव्हा मी दुसरीकडे वळलो आणि एका अनोळखी बाईंच्या समोर, नाकाला नाक लागेल इतक्या जवळ, दोन्ही हात वर करून उभा राहिलो. त्या किंचाळल्या. सर इतके हसले की त्यांचा हात थरथरायचा थांबला. निदान मला तसं वाटलं.

सरांना टाचणी लावता येत नव्हती म्हणून त्यांचा बिब मी लावला. थंडी होती, त्यांच्या अंगात निळं जॅकेट होतं, मी चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून तो जॅकेटवर छान बसवला. बिब आतल्या टी-शर्टला लावायचा असतो, कारण पुढे उकडतं आणि वरचे कपडे निघतात, हे क्लबातल्या नवख्यालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. फक्त त्या वेळी आठवलं नाही.

शिट्टी झाली. सगळा घोळका धडधडत पुढे गेला आणि दोन मिनिटांत रस्त्यावर आम्ही दोघंच उरलो. सरांना सावकाश ठेवायचं हे माझं काम. ते मी सुरेख केलं. मोकळा रस्ता मिळताच सर असे काही निघाले की मागून मीच ओरडत होतो, "सर, थांबा! डॉक्टरांनी सांगितलंय, दमायचं नाही!"

"कोणाच्या डॉक्टरांनी? तुझ्या की माझ्या?"

पहिल्या गतिरोधकाशी ते थांबले. समोरचा उंचवटा बघून पाय थिजले. टाचा वर, बोटं जमिनीत रुतल्यासारखी, गुडघे आतल्या आत थरथरतायत. मी पुढे होऊन माझा पाय त्यांच्या पायापुढे आडवा ठेवला. रस्त्याच्या कडेला शाल गुंडाळून टाळ्या वाजवायला उभ्या असलेल्या एका आजींनी ते पाहिलं.

"ओ! लाज वाटते का? म्हाताऱ्या माणसाला पाय घालता? पाडून पुढे जायचंय?"

"आजी, तसं नाही..."

"मी बघितलंय डोळ्यांनी! एवढा ढेरपोट्या माणूस, आणि जिंकायची हौस बघा."

सरांनी माझा पाय ओलांडला, गतिरोधक ओलांडला, आणि पलीकडे जाऊन आजींना हात जोडले. "मावशी, बरं झालं तुम्ही बघितलंत. घरापासून छळतोय मला." आणि निघून गेले. आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा गतिरोधक येईपर्यंत मी मान वर केली नाही.

अर्ध्या वाटेवर ऊन आलं. पाण्याच्या टेबलाशी सरांनी जॅकेट काढलं आणि माझ्याकडे दिलं. मी ते कमरेला बाह्यांची गाठ मारून बांधलं. माझ्या कमरेला बाह्या पुरतात का यावर सरांनी एक शेरा मारला, तो इथे देत नाही. बिब जॅकेटवरच होता. तो आता माझ्या मागच्या बाजूला लटकत होता आणि हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

मग बराच वेळ नुसतं चालणं. उसळलेली गर्दी पुढे गेलेली, रस्ता रिकामा, एखादी रिक्षा हळूच बाजूने जायची. मी विचारलं, "सर, पुण्यात काय वाईट आहे? लेक आहे, नातू आहे."

"काही वाईट नाही," ते म्हणाले. चार पावलं टाकून म्हणाले, "इथे सकाळी फाटकाशी उभा राहिलो की चार माणसं सर म्हणतात. त्यातल्या दोघांना मी नापास केलेलं असतं, तरी म्हणतात. तिथे मी कोण? लिफ्टमध्ये लोक विचारतात, कोणाच्या फ्लॅटमध्ये? मग मी नंबर सांगायचा."

मी काही बोललो नाही. मला बोलता आलं असतं, पण चढ होता.

मैदानाचं फाटक दिसलं. आत गेल्यावर दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे लावलेले, त्यांच्या मधून एक अरुंद गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला हवा भरून उभी केलेली निळी कमान. तिच्याखाली ती काळी पट्टी. कमानीच्या पायाशी पंखा घरघरत होता आणि सगळी कमान श्वास घेतल्यासारखी हलत होती. तेव्हाच मला उमगलं. आम्ही गतिरोधकांचा विचार केला होता, फाटकांचा केला होता. शेवटी एक दारच ओलांडायचं आहे, हे क्लबातल्या कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. अन् आमच्यातल्या प्रत्येकाने त्या कमानीखालून जाताना हात वर करून फोटो काढून घेतलेले आहेत.

आणि त्याच वेळी आमचा क्लब आला. प्रथेप्रमाणे. शेवटच्याला आणायला.

शिट्ट्या, थाळ्या, आरोळ्या. सगळे गल्लीत शिरले, सरांच्या पुढे-मागे, बाजूला. निफाडकर सगळ्यांत पुढे, हातात द्राक्षांचा घोस झेंड्यासारखा नाचवत. "आलं सर! हे काय, आलं! चार पावलं!" माइकवरच्या माणसाला जोर चढला. "आणि हे आपले ज्येष्ठ धावपटू! सत्तरी ओलांडलेले तरुण! टाळ्या!" गल्ली आधीच अरुंद, ती आम्ही भरून टाकली. प्रेमाने भरली, पण भरलीच.

सर कमानीच्या अलीकडे थांबले.

मी पाऊल आडवं ठेवलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पाय उचलला नाही. मी दुसरं पाऊल ठेवलं, जसं काही पहिल्यात दोष होता. ताईला कळलं. तिने शिट्टी फुंकून सगळ्यांना मागे ढकललं, "जागा द्या! कुणी ओरडू नका!" आणि एकदम अशी शांतता झाली की पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. ती शांतता त्या गोंगाटाहून वाईट होती. सगळं मैदान एका माणसाच्या बुटांकडे बघत होतं. कपाळावर घाम आला. त्यांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले, बहुतेक पाढा, आणि धड पुढे झुकवलं. पाय आले नाहीत. ते पडतात की काय म्हणून माझे हात पुढे गेले, तर तेवढ्यातही बोलले, "हात नाही."

मागून दहा किलोमीटरवाले यायला लागले होते. आयोजकांपैकी एक तरुण जवळ आला, फार नम्रपणे म्हणाला, "काका, थोडं बाजूने घेता का? मागे जोरात येतायत."

कठड्यांमध्ये एक फट होती. सर वळले. वळताच पाय सुटले. फटीतून बाहेर पडून ते मोकळ्या मैदानात तरतर चालत गेले, अगदी शाळेच्या व्हरांड्यात चालावं तसे.

"खुर्ची आणा," ताई माझ्यावर ओरडली. खुर्च्या कमानीच्या पलीकडे होत्या. मी सरळ कमानीखालून पळालो. पट्टी वाजली. दोनदा वाजली. मी म्हटलं, माझ्या वजनाने वाजली असेल.

खुर्चीवर सर बसले. निफाडकर जमिनीवर उकिडवा बसून घोसातली द्राक्षं उगाच तोडत होता. ताई म्हणत होती, "सर, पाच मिनिटांनी परत बघू. गर्दी गेली की." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात थरथरतो म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर लावून मांडीवर ठेवतात.

"बाबा!" मुलीचा आवाज. "मेसेज आला! शर्यत पूर्ण! बाबा, तुम्ही खरंच केलंत?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणाला काही कळेना. मग ताईची नजर माझ्या कमरेवर गेली. तिने मला खांद्याला धरून गर्रकन वळवलं. माझ्या मागे, चारी टाचण्यांनी नीट लावलेला, सरांचा बिब लोंबत होता.

"मी हरले, बाबा," ती रडत होती आणि हसतही होती. "राहा तुम्ही तिथेच. वर्षभर नाव काढणार नाही. मला वाटलं नव्हतं हो..."

त्या क्षणी आमच्या क्लबाने जो मूक अभिनय केला, तो स्टेजवर केला असता तर बक्षीस मिळालं असतं. ताई ओठांवर बोट ठेवून मान हलवत होती. निफाडकराने सरांपुढे हात जोडले होते. मी तर जॅकेट पोटाशी धरून असा उभा होतो की जणू ते मूल आहे आणि आता कुणी हिसकावून नेणार आहे. कुणीही खोटं बोलायची गरज नव्हती. सरांनी फक्त "हं" म्हणायचं होतं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, बिबकडे पाहिलं, आणि फोनकडे वाकले.

"बाळ, ऐक. तो मी नाही. माझा नंबर जॅकेटला होता, आणि जॅकेट एका गाढवाच्या कमरेला."

"मस्करी नका ना करू."

"मी कमानीच्या अलीकडे राहिलो. पाय आले नाहीत."

ती हळू आवाजात म्हणाली, "बाकी सगळं चाललात?"

"बाकी सगळं चाललो."

"मग झालं की, बाबा. एवढंसं राहिलं ते मी धरत नाही. पूर्णच म्हणायचं."

निफाडकराने आभाळाकडे बघून हात जोडले. मलाही वाटलं, सुटलो. पण सर मान हलवत होते. फोनवर ते दिसत नाही हे त्यांच्या लक्षात नसावं.

"चालायचं मला येतंच गं. चालण्याचा पेपर नव्हताच हा," ते म्हणाले. "दार आलं की थांबतो, हेच तू म्हणत होतीस. मी म्हणत होतो, नाही. आज मैदानभर लोकांनी बघितलं. माझ्या घरात किती दारं आहेत ते तुला माहितीये. परवा दूधवाला बेल वाजवून वाजवून गेला. मी हॉलच्या दारात उभा होतो. आतून ओरडलो, आज नको. त्याला वाटलं, म्हातारा चिडलाय."

"बाबा! मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी आली असतीस."

ती रडायला लागली. सरांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "रविवारी ये. फार सकाळी नको, ह्यांचं धावणं असतं."

फोन बंद झाल्यावर ताई म्हणाली, "सर, कमान अजून आहे. आता कुणी नाहीये. एकदाच." तिचा आवाज दाताच्या डॉक्टरचा नव्हता.

"घंटा झाल्यावर पेपर लिहायला मी कुणाला दिला नाही. मला कोण देणार?"

मी जॅकेट त्यांच्यापुढे धरलं. काहीतरी बोलायचं होतं, माफी वगैरे, पण माझ्या तोंडून निघालं, "सर, टाचण्या काढू का?"

ते हसले. खरंच हसले. "तू चुकून मला पास केलंस. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी पुढे गेलास, तेही माझा नंबर घेऊन."

पुढच्या रविवारी कॉलेज रोडवर गाडी उभी होती. सामान फार नव्हतं. मुलगी आम्हा सगळ्यांशी नीट बोलली. मला म्हणाली, पुण्याच्या घरात तिने सगळे उंबरे काढून घेतलेत आणि दारांशी जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्यात. बाबांनी त्या ओलांडायच्या. मी म्हटलं, फार छान. त्या पट्ट्या डोळ्यांपुढे आल्या आणि मला पुढे बोलता आलं नाही, आणि या वेळी चढही नव्हता.

निफाडकराची कल्पना अशी की पुण्याचा रस्ता लागतो त्या द्वारका चौकापर्यंत आपण सगळ्यांनी गाडीबरोबर धावायचं. रविवार, सकाळ, रस्ता मोकळा. मुलीने गाडी बैलगाडीसारखी चालवली. पहिल्या चौकापर्यंत मी गाडीच्या खिडकीशी होतो. दुसऱ्यापर्यंत डिकीशी. मग पोटात कळ आली आणि मी दुभाजकावर हात टेकून ओणवा झालो. वर पाहिलं तर गाडी आणि क्लबवाल्यांचे रंगीबेरंगी टी-शर्ट वळणावर लहान होत चाललेले. निरोपाचं मी काय काय ठरवलं होतं. आदल्या रात्री आरशापुढे म्हणूनही पाहिलं होतं, बायको हसली होती.

गाडी थांबली. मग मागे यायला लागली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून शिव्या दिल्या, तरी ती आली, माझ्याजवळ. काच खाली झाली.

"काय झालं?" सर म्हणाले.

"काही नाही सर. पोटात दुखतंय."

"खाऊन धावलास."

"थोडे पोहे."

"थोडे," ते म्हणाले. माझ्याकडे बघत राहिले. "बरं. आता धावू नकोस, चालत जा. घामेजलायस, वारं लागेल."

"हो सर."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि काच वर गेली.

मी चालत द्वारकेला पोचलो तेव्हा बाकीचे पुलाखाली उभे होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ताई म्हणाली, "चला, मिसळ खाऊ." आम्ही गेलो. पोरगा रश्श्याची किटली घेऊन दोनदा आला, तिसऱ्यांदा आला, आणि निफाडकराला म्हणाला, "काय दादा, आज कुणालाच रस्सा नको?"

"नाय रे बाबा," निफाडकर म्हणाला. "आज पुरे."